राष्ट्रीय सुरक्षा, संघर्ष-व्यवस्थापन आणि शांतता-निर्मिती : अकोला कराराच्या (१९४७) संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

राष्ट्रीय सुरक्षा ही संकल्पना उच्चारताच सामान्यतः सीमा, सैन्य व शस्त्रास्त्रे यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे जे सहा गुण सांगितले त्यात संधी हा पहिला असून विग्रह त्यानंतर येतो, हा क्रम अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. विसाव्या शतकात नॉर्वेचे विचारवंत योहान गाल्टुंग यांनी नकारात्मक शांतता व सकारात्मक शांतता असा भेद केला. प्रत्यक्ष हिंसाचार थांबणे म्हणजे नकारात्मक शांतता. ज्या विषमतेतून हिंसाचार उद्भवतो ती विषमता दूर होणे म्हणजे सकारात्मक शांतता. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस घाली यांनी १९९२ मध्ये शांतता-निर्मितीचा विषय जागतिक कार्यक्रमपत्रिकेवर आणला आणि १९९४ च्या मानव विकास अहवालाने ‘मानवी सुरक्षा’ ही संज्ञा रूढ केली. भारतात १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात सीमा व्यवस्थापनाइतकाच अंतर्गत सुरक्षेचाही स्वतंत्र विचार करण्यात आला.

अंतर्गत सुरक्षेची चर्चा मात्र बहुधा काश्मीर, ईशान्य भारत व नक्षलग्रस्त जिल्हे यांच्यापुरतीच मर्यादित राहते. जेथे शस्त्रे उचलली गेली तेथेच संघर्ष होता, असे जणू गृहीत धरले जाते. जो संघर्ष चिघळू न देता हाताळला गेला, त्याचा अभ्यास सुरक्षेच्या अंगाने होत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात अशा एका संघर्षाचा, म्हणजेच ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला येथे झालेल्या कराराचा आणि त्याच्या पुढील वाटचालीचा विचार करावयाचा आहे. अमरावती-अकोला भागातील पदवीच्या वर्गात या कराराविषयी विचारले असता बहुतेक विद्यार्थ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. सिमला करार मात्र सर्वांना पाठ असतो. हा दोष विद्यार्थ्यांचा नसून आपल्या इतिहासलेखनाचा आहे.

वऱ्हाडच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण कापसाच्या सुपीक काळ्या मातीवरून पडली. याच मातीमुळे वऱ्हाड एका विलक्षण घटनात्मक गुंत्यात सापडला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढल्यामुळे १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. कारभार गेला तरी सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन याने वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढील वर्षी तो मध्यप्रांताला जोडण्यात आला. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील ४७ व्या कलमात वऱ्हाडसाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. १९३६ च्या करारान्वये निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. तात्पर्य, अमरावतीचा किंवा अकोल्याचा रहिवासी मतदान नागपूरच्या विधिमंडळासाठी करीत होता, कायदा ब्रिटिशांचा पाळीत होता आणि कागदोपत्री निजामाच्या सार्वभौमत्वाखाली राहत होता.

१९४७ च्या उन्हाळ्यापर्यंत हा केवळ कागदोपत्री विषय होता. भारतीय स्वातंत्र्य कायद्याने १५ ऑगस्टपासून संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौमत्व व त्याबरोबरचे तह संपुष्टात येणार हे स्पष्ट होताच तो एकाएकी जिवंत झाला. पट्टाच संपला तर जमीन कोणाची? जुलै १९४७ मध्ये निजामाच्या शिष्टमंडळाने दिल्लीत वऱ्हाड परत मिळण्याचा मुद्दा मांडला. वऱ्हाडातील जनता निजामाच्या राज्यात जाण्यास तयार नव्हती आणि कारभार प्रत्यक्षात पूर्ववत चालू राहिला. परंतु हैदराबादच्या प्रश्नाचा निकाल सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत लागला नाही. तत्कालीन अकोला जिल्ह्यात वाशीमचा समावेश असल्यामुळे या जिल्ह्याची हद्द थेट निजामी परभणीला भिडत होती. रझाकारांच्या त्रासाला कंटाळून आलेले लोक व हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते वऱ्हाडच्या सीमावर्ती गावांत आसरा घेत होते. सुरक्षेच्या दृष्टीने वऱ्हाड हा त्या तेरा महिन्यांत सीमावर्ती प्रदेशच होता, ही बाब आज सहसा लक्षात घेतली जात नाही.

दुहेरी ताण

बाहेरून निजामाचा दावा असताना आतही दोन ताण होते. त्यांपैकी पहिला मध्यप्रांत-वऱ्हाडातील हिंदी व मराठी भाषक विभागांमधील होता. १९३८ मध्ये पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाचा पेचप्रसंग याच भेगेवर उफाळून आला. खरे यांच्यासमवेत राजीनामा देणारे दोन्ही मंत्री मराठी होते, तर महाकोशलच्या मंत्र्यांनी राजीनामे देण्यास नकार दिला आणि अखेर पं. रविशंकर शुक्ल पंतप्रधान झाले. राजीनामा देणाऱ्यांपैकी एक असलेल्या रामराव देशमुखांनी त्याच वर्षी प्रांतिक विधिमंडळात वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव मांडला व तो संमत झाला. विदर्भाची मागणी ही मूलतः महाराष्ट्रापासून नव्हे, तर महाकोशलापासून वेगळे होण्याची मागणी होती. आजच्या वादात दोन्ही बाजू ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

दुसरा ताण १९४६ नंतर निर्माण झाला. त्या वर्षी मे महिन्यात बेळगाव येथील साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला व जुलैमध्ये शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. वऱ्हाड-नागपूरच्या पुढाऱ्यांपुढे पेच असा होता की, मराठी एकीकरणाला विरोध करावा तर हिंदी बहुमताखाली राहावे लागते आणि पाठिंबा द्यावा तर पश्चिम महाराष्ट्राच्या संख्याबळापुढे आपले काय होईल याची धास्ती वाटते. ही धास्ती केवळ पदांची नव्हती. वऱ्हाडचा महसूल प्रथम हैदराबादला आणि नंतर मध्यप्रांताच्या तुटीला जातो, ही तक्रार येथे दोन-तीन पिढ्या जुनी होती.

अकोला करार : स्वरूप

स्वातंत्र्याला अवघा आठवडा उरला असताना दोन्ही बाजूंचे पुढारी अकोल्यात एकत्र आले. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, रामराव देशमुख, पंजाबराव देशमुख प्रभृतींच्या सहभागाने झालेल्या या कराराचा गाभा दोन कलमांत सांगता येतो. एक, संयुक्त महाराष्ट्राचा एक प्रांत असावा. मात्र त्यात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असून त्यांना स्वतंत्र विधिमंडळ व कार्यकारी यंत्रणा असाव्यात. दोन, असा संयुक्त प्रांत निर्माण होऊ शकला नाही तर महाविदर्भाचा स्वतंत्र प्रांत करण्यासाठी प्रयत्न व्हावेत.

संघर्ष-व्यवस्थापनाच्या दृष्टीने या मसुद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणाचीही मूळ मागणी फेटाळलेली नाही. एकीकरणवाद्यांना एक प्रांत मिळाला, तर विदर्भवाद्यांना त्या प्रांतात स्वतःचे घर व बाहेर पडण्याचा दरवाजा असे दोन्ही मिळाले. पुण्याला परतणारा पुढारी ‘संयुक्त महाराष्ट्र मान्य झाला’ असे म्हणू शकत होता आणि अमरावतीला परतणारा ‘महाविदर्भ मान्य झाला’ असे म्हणू शकत होता. या सोयीच्या संदिग्धतेबद्दल कराराला नंतर दूषणे दिली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती त्या आठवड्याची गरज होती. पंजाबात फाळणीची आग पेटलेली, दक्षिणेला हैदराबाद अनिश्चित. अशा वेळी मराठी भाषकांमधील वाद रस्त्यावर न येता एका खोलीत बसून लांबणीवर टाकला गेला, हीही मोठी गोष्ट होती. निजामाच्या दाव्यामुळेच हा करार झाला असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही घटना एकाच पंधरवड्याच्या वातावरणातील आहेत, एवढेच नोंदवावयाचे आहे. १९९८ च्या उत्तर आयर्लंडमधील गुड फ्रायडे कराराबद्दलही अभ्यासक असेच म्हणतात की, दोन्ही समाजांना तो आपापल्या अर्थाने वाचता आला म्हणूनच तो होऊ शकला. फरक एवढाच की, तेथे करारावर सार्वमत घेण्यात आले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी संस्था उभ्या राहिल्या. अकोला कराराच्या पाठीशी केवळ सह्या करणाऱ्यांचा शब्द होता.

उपप्रांताकडून अधिवेशनाकडे

पुढील घटनाक्रम परिचित आहे. १९४८ च्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेस प्रतिकूल मत दिले. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात मृत्यू झाल्यानंतर काही दिवसांतच आंध्र राज्याची घोषणा झाली व प्रश्न देशभर पुन्हा उघडला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदींच्या सह्यांनी नागपूर करार झाला. त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी व नोकऱ्या, नागपूरला उच्च न्यायालयाचे पीठ आणि दरवर्षी ठरावीक काळ शासनाचा मुक्काम व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासने होती.

दोन्ही करार शेजारी ठेवून वाचले असता सहा वर्षांतील घसरण स्पष्ट दिसते. अकोल्यात सत्तेची रचना बोलली गेली होती. नागपुरात सवलतींची यादी बोलली गेली. उपप्रांताच्या विधिमंडळाची जागा काही आठवड्यांच्या अधिवेशनाने घेतली. ब्रिजलाल बियाणी व लोकनायक बापूजी अणे यांनी स्वतंत्र विदर्भाचीच बाजू उचलून धरली, याचे नवल वाटू नये.

फाजल अली आयोगाचा १९५५ चा अहवाल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. राज्यरचनेचे जे निकष आयोगाने मानले त्यात भारताची एकता व सुरक्षा यांचे जतन व दृढीकरण हा पहिला निकष होता. भाषिक एकजिनसीपणा त्यानंतर येतो. म्हणजे प्रादेशिक असंतोषाचा प्रश्न हा राष्ट्रीय सुरक्षेचाच प्रश्न आहे, हे भारतीय राज्यसंस्थेने १९५५ मध्ये लेखी मान्य केले होते. याच आयोगाने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा या आठ जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १० ऑगस्ट १९६० रोजी यशवंतरावांनी विधानसभेत नागपूर कराराला अनुसरून निवेदन केले; नागपूरचे अधिवेशन सुरू झाले.

हैदराबाद राज्याच्या तेलुगू भागाची कथा येथे ताडून पाहण्याजोगी आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये आंध्र व तेलंगणाच्या पुढाऱ्यांत जो सभ्यगृहस्थांचा करार झाला, त्याची कलमे नागपूर कराराच्या जातकुळीचीच होती. त्याचे पालन होत नाही म्हणून १९६९ मध्ये तेलंगणात रक्तरंजित आंदोलन झाले आणि २ जून २०१४ रोजी राज्यच वेगळे झाले. विदर्भाची चळवळ त्या मानाने शांत राहिली. १९६२ मध्ये बापूजी अणे नागपुरातून आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे त्याच मतदारसंघातून विदर्भाच्या प्रश्नावर लोकसभेत निवडून गेले. असंतोष मतपेटीतून व्यक्त होत राहिला. या भूमीचा पिंडही त्याला कारणीभूत असावा. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गावागावांत सामुदायिक प्रार्थनेद्वारे सलोख्याचे काम करीत होते. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत शांततेचा विचार मांडणारे हेच महाराज १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सैनिकांचे मनोबल वाढविण्यासाठी आघाडीवर गेले होते. शांतता व सुरक्षा यांत त्यांना विरोध वाटला नाही.

१९६७ : अपवाद आणि त्याचा धडा

परंतु शांततेची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न १९६७ साली अकोल्यातच उभा राहिला. राज्याचे कृषी विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रात राहुरीला होणार असे दिसताच विदर्भात, विशेषतः वऱ्हाडात, विद्यार्थी व शेतकरी रस्त्यावर उतरले. कापसाचे आगर असलेल्या, देशाला पंजाबरावांसारखा कृषिमंत्री देणाऱ्या भागाला कृषी विद्यापीठ नाकारले जाणे लोकांच्या जिव्हारी लागले. आंदोलन चिघळले, पोलीस गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

या घटनेचे गौरवीकरण बरेच झाले आहे. तिचे विश्लेषण मात्र फारसे झालेले नाही. वीस वर्षांत दोन करार, दोन आयोग व विधानसभेतील निवेदन यांतून जे मिळाले नाही, ते गोळीबारानंतर दोन वर्षांत मिळाले. आंध्र राज्य श्रीरामुलूंच्या मृत्यूनंतर व मुंबईसह महाराष्ट्र हुतात्म्यांच्या बलिदानानंतर मिळाला होताच. राज्यसंस्था जेव्हा शांत तक्रारीला वर्षानुवर्षे उत्तर देत नाही आणि पेटलेल्या तक्रारीला तातडीने देते, तेव्हा नागरिकांनी काय शिकावे? सुरक्षेच्या दृष्टीने यापेक्षा धोकादायक शिकवण नाही. मिझोरममध्ये १९८६ च्या कराराने वीस वर्षांची बंडखोरी संपली याचे यथोचित कौतुक होते. परंतु ज्यांनी बंडखोरी केलीच नाही त्यांच्याशी झालेल्या करारांचे पालन झाले किंवा नाही, याची मोजदाद कोणत्याही सुरक्षाविषयक दस्तऐवजात आढळत नाही.

अनुशेषाचे गणित

‘अनुशेष’ हा शब्द आज वऱ्हाडातील चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. तो रूढ झाला वि. म. दांडेकर समितीमुळे. १९८४ च्या या अहवालाने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशोबात हा आकडा १४ हजार कोटींवर गेला आणि विदर्भाचा वाटा निम्म्याच्या जवळ आला. विकास मंडळांची तरतूद असलेले संविधानाचे कलम ३७१ (२) हे १९५६ पासूनच अस्तित्वात होते. मंडळे मात्र १९९४ मध्ये आली. अडतीस वर्षे एक घटनात्मक हत्यार म्यानात राहिले.

राज्यपालांच्या निर्देशांमुळे निधीवाटपात सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. आर्थिक अनुशेष कागदावर भरूनही निघाला. पण अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष शिल्लक राहिला. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिण्यालाही चालत नाही व पिकालाही मानवत नाही, तेथे कालव्याचे पाणी न येणे म्हणजे काय, हे आकड्यांतून कळत नाही. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांना शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचा दौरा करावा लागला व सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यांतील पाच जिल्हे अमरावती विभागातील होते. येथे शेतकऱ्याने शस्त्र स्वतःवर चालविले, दुसऱ्यावर नाही. म्हणून ती सुरक्षेची समस्या ठरली नाही.

अलीकडच्या काळात या दोन शहरांत संघर्षाचे वेगळे रूप दिसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत व मे २०२३ मध्ये अकोल्यात जातीय हिंसाचारानंतर संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. दोन्ही वेळी प्रशासनाने परिस्थिती आटोक्यात आणली. पण संचारबंदी उठल्यावर शांतता समितीच्या बैठका किती काळ चालू राहतात, रोजगार नसलेल्या तरुणांच्या वस्त्यांत त्यानंतर कोण जाते, हे प्रश्न गाल्टुंग यांच्या भाषेत सकारात्मक शांततेचे आहेत आणि ते पोलिसांच्या अखत्यारीत येत नाहीत. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर असा प्रयत्न केला होता. शहरांच्या मोहल्ल्यांना तशी यंत्रणा मिळाली नाही.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ मध्ये. मधल्या काळात २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी नागपूरचे हिवाळी अधिवेशनही मुंबईत झाले. अकोल्यात ठरलेल्या दोन विधिमंडळांपासून सुरू झालेला हा प्रवास त्या दोन वर्षांत एका अधिवेशनापर्यंतही उरला नव्हता, आणि त्याबद्दल वऱ्हाडात एक दगडही उचलला गेला नाही.